लिंबू मारुतीपर्यंत

धारवाडजवळच्या उणकलच्या जुन्या गावात नागपंचमीला लिंबाची पैज लागते. ती ज्यानं पाहिली नाही त्यानं आपण पंचमी पाहिली असं कुणाला सांगू नये. झोके काय, सगळीकडे बांधतात. उंड्या, म्हणजे लाडू, तेही घरोघरी वळतात, तिळाचे, दाण्याचे, शेवेचे, रव्याचे. पण अख्खं घर एका लिंबामागं चिखल तुडवत धावतंय, मागं हलगी कडकडतेय आणि गच्च्यांवरून बायका ‘ओडऽ ओडऽ’ करून पळायला सांगताहेत, ही मजा इथलीच.

पैज तशी सोपी. दोन घरं, प्रत्येक घरातली तीन माणसं. अंबूताईंच्या दारासमोर कडुनिंब आहे, तिथून पहिल्यानं लिंबू फेकायचं. ते जिथं पडेल तिथं दुसऱ्यानं धावत जाऊन उचलायचं, तिथूनच पुढं फेकायचं, मग तिसऱ्यानं, मग परत पहिल्यानं. ज्याचा नंबर त्यानंच उचलायचं, दुसऱ्यानं हात लावला की घर बाद. तळ्याच्या बांधाच्या टोकाला मारुती आहे. त्याच्या कट्ट्यावर ज्यांचं लिंबू आधी पडेल ते जिंकले. मधेच कुणाचा दम गेला तर त्याच्याच घरच्यांनी पंचांना ओरडून सांगायचं, ‘अमका बसला!’ मग तो रस्त्याकडेला बसतो आणि उरलेले दोघं पुढं पळतात.

या शेवटच्या नियमानं वेदश्रीचं अख्खं वर्ष नासवलं होतं.

मागच्या पंचमीची गोष्ट. वेदश्री तेव्हा दहा वर्षांची, चेहऱ्यानं आईवर आणि अंगानं अप्पांवर गेलेली. अंबूताई तिची सख्खी आत्या. वेदश्रीचं घर त्याच उणकलमध्ये, पण नव्या वसाहतीत. आत्याकडं चालत जाण्यासारखं अंतर, पण ती तिघं कधी चालत गेली असतील तर शपथ. त्या वर्षी तिघांनी हौसेनं पैज लावली ती आत्याच्या समोरच्या गुरुराजअण्णांच्या घराशी. वेदश्रीनं पहिलं लिंबू फेकलं आणि ते पिठाच्या गिरणीच्या पलीकडं गेलं. गल्लीनं तोंडात बोट घातलं. पोरीचा हात म्हणजे हात नव्हेच, गोफण!

पण फेकून भागत नाही, पळावंही लागतं. दुसऱ्या फेरीला तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, पावलं जड झाली. अप्पांना पोरीची दया आली. त्यांनी मागं वळून खणखणीत आवाजात पंचांना सांगून टाकलं, वेदा बसली! आत्या उंडी घेऊन धावत आली, तिला पोटाशी धरून म्हणाली, दमलं गं माझं सोनं, बस, खा. वेदश्री रस्त्याकडेच्या दगडावर बसून उंडी खात होती आणि डोळ्यांतलं पाणी उंडीवर पडत होतं. आई-अप्पा दोघंच पुढं गेले आणि हरायचे ते हरलेच. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ‘बसली’. बसली आली, बसली गेली. पोरांची जात मेली, एकदा धरलं की सोडत नाहीत.

तेव्हापासून वेदश्रीला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या पंचमीला मारुतीपर्यंत पळायचं आणि आपल्या नावानं ती आरोळी कुणी ठोकायची नाही. जिंकायचंही होतं, खोटं कशाला बोला. गुरुराजअण्णांचा सागर मिशीला पीळ देत ‘काय वेदक्का, यंदा येणार का बसायला?’ असं विचारायचा, तेव्हा तिच्या डोक्यातून नुसत्या वाफा निघायच्या.

त्याच हिवाळ्यात शाळेत डॉक्टर तपासायला आल्या. डॉक्टर पार्वती म्हणून एक शांत बाई होत्या. त्यांनी वेदश्रीची मान पाहिली, वजन पाहिलं आणि आईवडलांना घेऊन दवाखान्यात यायला सांगितलं. मानेवरचा काळपट पट्टा गेलं वर्षभर आई, म्हणजे नेत्रा, बेसन लावून घासत होती. आई स्वतः शहरातल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका, पोरींच्या स्वच्छतेवर तासतासभर बोलणारी, आणि आपल्याच लेकीच्या मानेवरचा मळ निघत नाही म्हणून जिवाला खात होती. डॉक्टरांनी सांगितलं, तो मळ नव्हे, अंगातली साखर बिघडत चालल्याची खूण. रक्त तपासलं तर साखर काठावर येऊन बसलेली. आईचा चेहराच उतरला. घासून घासून लाल केलेल्या त्या मानेवरून तिनं तिथंच हात फिरवला.

डॉक्टरांनी तेल-गोड कमी करा, हालचाल वाढवा असं पुष्कळ सांगितलं, पण भीतीनं आईच्या कानात निम्मंच शिरलं. घरी येऊन तिनं आपल्या पद्धतीनं उपाय काढला. आपल्याकडं अंग उतरवायचं म्हटलं की काय सुचणार? उपास! सोमवार शंकराचा, गुरुवार राघवेंद्रस्वामींचा, शनिवार मारुतीचा, वर संकष्टी आणि एकादशी. देव प्रसन्न, वजन कमी, एका दगडात दोन पक्षी. शिवाय पोरीला एकटीला कशाला, सगळ्यांनीच धरायचा.

आणि मग त्या घरात जे उपास झाले, ते देवांनीही वरून बघून लाळ गाळावी असे झाले. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर दही. रताळ्याचा गूळ घातलेला कीस. वरईचा भात नि दाण्याची आमटी. तळलेले बटाट्याचे पापड, राजगिऱ्याचे लाडू, आणि संध्याकाळी फराळ हलका झाला म्हणून पुन्हा खिचडी. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. अप्पा, म्हणजे संजीव, पाटबंधारे खात्यात होते. एरवी उपासाला नाक मुरडणारा माणूस, पण आता आदल्या रात्रीच विचारायचा, उद्या कोणता वार गं? वेदश्रीला तर वाटलं, डॉक्टरीणबाई फारच चांगल्या आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघं परत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी वेदश्रीला काट्यावर उभं केलं, मग आईला, मग अप्पांनाही. काटा तिघांच्या बाबतीत पुढंच सरकलेला. आईनं उपासांची हकिगत सांगितली तेव्हा डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू आवरेना. तिघंही ओशाळली. हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी वेदश्रीकडं मोर्चा वळवला.

“दूध कोण आणतं ग तुमच्याकडं?”

“अप्पा.”

“कशावरून?”

“स्कूटरवरून.”

“फार लांब आहे का डेअरी?”

“नाही,” वेदश्री म्हणाली, “आमच्या फाटकातून दिसते.”

अप्पा भिंतीवरचं चित्र बघायला लागले. डॉक्टरांनी मग रागावून नव्हे, पण अगदी सरळ सांगितलं.

“हिला बारीक करायचं नाही आणि उपाशी तर मुळीच ठेवायचं नाही. हिची उंची वाढतेय, वजन आहे तिथं राहिलं तरी मला पुरे. पण हे औषध एकटीला देता येत नाही. घरात तिघं आहात, तिघांनी घ्यायचं.”

आई त्या दिवशी घरी आली ती निराळीच बाई होऊन. टीव्हीसमोर ताट घेऊन बसणं बंद. जेवण दिवेलागणीनंतर लगेच, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. फ्रिजमधल्या रंगीत बाटल्या गेल्या. उपास एकच राहिला, तोही फळांवर. पहिले काही दिवस वेदश्रीनं तोंड असं वाकडं केलं की विचारू नका. एकदा तर ताटावरून उठून गेली. पण आईच्या ताटातही तेच होतं, त्यामुळं भांडायचं कुणाशी हा प्रश्न होता.

आणि एक दिवस वेदश्रीनंच विषय काढला. पळायचंय म्हणाली. पंचमीला, मारुतीपर्यंत. आईनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं, आणि पुढच्याच रविवारी दाजीबानपेठेत जाऊन स्वतःसाठी पंजाबी ड्रेसचं कापड आणलं. लग्नानंतर तिनं साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून दोघींना कापडी बूट घेतले. पहाटे तळ्याच्या काठी आई बूट घालून उभी राहिली तेव्हा लाजून तिचे कान लाल झाले होते. ओळखीचं कुणी बघेल म्हणून तिनं आधी ओढणी डोक्यावरून घेतली, मग ती कमरेला खोचली, आणि मग बाई जी सुटली! वेदश्री बघतच राहिली. आपली आई पळते? शाळेत असताना खो-खो खेळायची हे आईनं कधी सांगितलंच नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आधी वेदश्री पंपाच्या खोलीपर्यंत पळायची आणि कमरेत वाकून उभी राहायची. आई थांबून म्हणायची, पळू नको, चाल, नाकानं श्वास घे, थांबू मात्र नको. मग पंपाची खोली मागं पडली, मग वडाचं झाड मागं पडलं. जून लागला, पाऊस लागला, बांधावर चिखल झाला तरी दोघी जायच्या. एके सकाळी वेदश्री पळता पळता बोलायला लागली, कुठल्यातरी मैत्रिणीची काहीतरी गोष्ट, आणि गोष्ट संपली तेव्हा समोर मारुती होता. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिनं मागं वळून बांध बघितला, परत मारुती बघितला आणि आईच्या गळ्यात पडून अशी किंचाळली की तळ्यातले बगळे उडाले.

आणि अप्पा? अप्पा यायचे की रोज. स्कूटरवरून! गळ्यात शिट्टी अडकवून ते दोघींच्या बाजूनं सावकाश स्कूटर चालवायचे आणि ओरडायचे, पळ वेदा, गुडघे उचल, शाब्बास! पाऊस आला की रेनकोट घालून ओरडायचे. मग पुढं जाऊन बांधाच्या टोकाशी मिरचीभज्यांची गाडी लागायची तिथं थांबायचे आणि दोघी येईपर्यंत गिरमिटाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, एक प्लेट संपवायचे. घरची भाकरी पालेभाजी होतीच, हे वरचं. आईनं तोंड वाजवलं की म्हणायचे, कोच कधी पळतो का?

वेदश्रीनं एकदा मायेनं सुचवून पाहिलं, अप्पा, तुम्हीपण पळा ना. अप्पांनी तिच्या पाठीत थाप मारली. म्हणाले, अगं, मी धारवाडला शाळेत असताना पहिला नंबर सोडला नाही कधी. पळणं हे सायकलसारखं, एकदा आलं की विसरत नाही. वेदश्रीला ते पटलं. अप्पांचं म्हणणं कुठल्या पोरीला पटत नाही?

होता होता पंचमी आली. सकाळी मातीच्या नागाला दूध-लाह्या वाहून तिघं आत्याकडं गेली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आत्यानं पुरणाची दिंडं उकडली होती. उंड्यांचा डबा तर दारातच उघडा. आत्या वेदश्रीच्या तोंडाशी उंडी घेऊन आली. वेदश्रीनं ती हातात घेतली, वास घेतला आणि आत्याला परत देत म्हणाली, मारुतीहून आल्यावर. आत्याला जरा लागलं. खाण्याशिवाय माया करायची कशी हे त्या बाईला बिचारीला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी कडुनिंबाखाली ही गर्दी जमली. पंच होते आत्याचे यजमान भीमसेनकाका, निवृत्त हेडमास्तर, काडीसारखे सडसडीत, हातात छत्री, आणि स्वतःच्या मेव्हण्यालाही पाव इंचाची सूट न देणारे. गुरुराजअण्णांकडून अण्णा, सागर आणि सागरची आई. इकडून पहिला नंबर वेदश्रीचा, दुसरा आईचा, तिसरा अप्पांचा. पोरांनी ‘बसली बसली’ सुरू केलंच. वेदश्रीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

हलगी कडाडली आणि वेदश्रीनं लिंबू सोडलं. ते गिरणीवरून, तिच्या पत्र्याला न शिवता, पार पलीकडच्या वळणावर जाऊन पडलं. गच्च्यांवर एकच कल्ला! आई तोवर निम्म्या वाटेत होती. तिनं ओढणी खोचलेलीच होती. तिनं उचललं, फेकलं, आणि अप्पा धोतरवाल्या पहिलवानाच्या थाटात पुढं झाले. पहिल्या फेरीला अप्पांनी खरोखर झकास फेकलं. ‘बघितलंस?’ असं डोळ्यांनीच लेकीला विचारलंसुद्धा.

दुसऱ्या फेरीला सागरच्या लांब टांगांनी त्यांना गाठलं. दोन्ही लिंबं जवळजवळ बरोबरीनं पडत होती. वेदश्री धावत होती आणि वाट बघत होती, आता दम जाईल, आता छाती जळेल, आता कुणीतरी ओरडेल. काहीच होईना! पाय पडत होते, श्वास येत होता, जात होता. गेल्या वर्षीचा तो दगड डाव्या हाताला आला आणि मागं गेलासुद्धा. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. ती हसलीच, पळता पळता, तोंड पावसाकडं करून. आत्या मागून छातीवर हात ठेवून पळत येत होती आणि कानडी-मराठी दोन्हींत ओरडत होती. पैजेत नसताना आत्या कशाला पळत होती ते तिलाच ठाऊक.

तिसऱ्या फेरीला वेदश्रीनं बांधाच्या पायथ्यापर्यंत फेकलं. आईनं ते उचलून असं भिरकावलं की लिंबू चढावावरून वर गेलं आणि थेट बांधाच्या माथ्यावर थांबलं. गुरुराजअण्णांचं लिंबू अजून मागं, खाली, चिखलात. वर मारुतीचा भगवा झेंडा दिसत होता. आता अप्पांनी उचलून नुसतं पुढं टाकलं, की मग वेदश्रीचा नंबर, आणि तिथून कट्टा म्हणजे तिच्या हाताला काहीच नव्हे. वेदश्री आणि आई चढून लिंबाजवळ पोचल्या.

अप्पा आलेच नाहीत.

वेदश्रीनं वळून पाहिलं. अप्पा चढाच्या खाली गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते. शर्ट अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, एक हात बरगडीवर. दोन पावलं चढले आणि परत थांबले. रोज स्कूटर हा चढ गुमान चढायची, त्यामुळं तो किती उभा आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

मागून सागर आपल्या लिंबाकडं झेपावत होता. भीमसेनकाकांनी छत्री वर करून आवाज दिला, की घरच्यांनी सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर खोळंबा करू नका. आत्याला राहवेना. ती खालून ओरडली, वेदा, सांग की गं, बसला म्हणून! फेक आणि जिंक!

बरोबरच होतं ते. दोन शब्द बोलायचे, की लिंबू वेदश्रीचं. एक फेक आणि काम तमाम. सागरच्या मिशीचा पीळ कायमचा उतरला असता. आईनं वेदश्रीकडं पाहिलं. पोरीचं वर्ष होतं हे, पोरीनंच ठरवायचं. वेदश्रीनं तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आले होते.

तेवढ्यात अप्पांनी मान वर केली. गल्लीतली सगळी माणसं आपल्याकडं बघताहेत हे त्यांना दिसलं आणि त्यांनी मान परत खाली घातली. ते खाली घालणं वेदश्रीच्या चांगलंच ओळखीचं होतं. ती लिंबाकडं पाठ करून चढ उतरायला लागली.

“आता कुठं चाललीस?” काकांनी विचारलं.

वेदश्री उतरतच राहिली. आईही तिच्या मागोमाग उतरली. तिनं आधी अप्पांना छातीत दुखतंय का विचारलं, नुसती बरगडीत कळ आहे असं कळल्यावर तिच्या जिवात जीव आला. वेदश्रीनं अप्पांचा एक हात धरला.

“वेदा, सांग ना त्यांना,” अप्पा धापा टाकत म्हणाले. “बसला म्हण. जिंकशील, बाळ.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काही नाही. पळू नका, चाला. नाकानं श्वास घ्या. थांबायचं मात्र नाही.”

अप्पांनी एकदा लेकीकडं बघितलं आणि पाऊल उचललं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वेदश्री. सागर त्यांच्या शेजारून हरणासारखा वर गेला. मग सागरची आई गेली, मग गुरुराजअण्णा. वेदश्रीला प्रत्येकाची पाठ दिसत होती आणि रडू येत होतं, पण तिनं अप्पांचा हात सोडला नाही. ती तिघं चढ चढून वर आली तेव्हा पुढं कट्ट्यावर लिंबू आपटल्याचा आवाज झाला, आणि हलगी, शिट्ट्या, आरोळ्या सगळं एकदम फुटलं. सागरला पोरांनी खांद्यावर घेतलं. पैज संपली होती.

“झालं आता,” काका म्हणाले, “सोडा ते लिंबू.”

“आमचं नाही झालं,” वेदश्री म्हणाली. “अप्पा, उचला. तुमचा नंबर आहे.”

अप्पांनी वाकून लिंबू उचललं आणि फेकलं. काय ती फेक! लिंबू जेमतेम चार हातांवर पडलं आणि घरंगळत तळ्याकडं निघालं. गवतात अडकलं म्हणून वाचलं, नाहीतर गेलं होतं पाण्यात. लोक खो खो हसले. अप्पाही हसले, बरगडी धरून. मग नंबर वेदश्रीचा, तिनं ते गवतातून काढलं. तिनं ओल्या फ्रॉकला हात पुसला, एक पाय मागं घेतला, आणि मनात दाबून ठेवलेला सगळा संताप, सगळी हौस त्या लिंबाबरोबर सोडून दिली. लिंबू झेंड्याच्या उंचीवरून गेलं, कट्ट्यावर टप्पा खाल्ला आणि मारुतीच्या पायाशी जाऊन थांबलं.

जिंकणाऱ्यांना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. सागर खांद्यांवरून उतरून शिट्टी मारत होता. गच्चीवरच्या बायका कधीच बांधावर येऊन पोचल्या होत्या. वेदश्री उरलेली वाट पळत गेली आणि कट्ट्यावर चढून उभी राहिली. तिचे गुडघे चिखलानं भरले होते आणि डोळे भरले होते, आणि हे दुःख आहे की आनंद ते तिला त्या घडीला सांगता आलं नसतं. बहुतेक आनंदच असावा, कारण तिला तिथून उतरावंसं वाटत नव्हतं.

आई-अप्पा मागून चालत चालत आले. गर्दीतलं कुणीतरी, असतो एखादा असा, हळहळत म्हणालं, काय हो संजीवराव, यंदाही पोरीपायी पैज गेली म्हणायची.

अप्पा कट्ट्याला टेकून उभे होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “पैज माझ्यापायी गेली. पोरीपायी मी इथवर आलो.” मग लेकीच्या चिखलानं माखलेल्या बुटावर त्यांनी हात ठेवला.

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. गुरुराजअण्णा मोठ्या मनाचा माणूस. पुढं येऊन म्हणाले की अशी पैज या गल्लीत झाली नव्हती, आता पुढच्या पंचमीला बघू.

“पुढची पंचमी कशाला?” वेदश्री कट्ट्यावरून म्हणाली. “रविवारी या की. इथंच, सकाळी. आमचे तिघं आणि तुमचे तिघं.”

सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांना नाही म्हणायचं होतं, निदान महिनाभर तरी मुदत मागायची होती, पण बोलायला छातीत दमच उरला नव्हता. त्यांनी हात वर केला आणि मान हलवली, आणि काकांनी लगेच रविवार पक्का झाल्याचं ओरडून सांगितलं.